इंदूरचं खत आणि पुस्तकावरचं दुसरं नाव

१९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने एक पुस्तक काढलं. नाव 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर'. नाव भारदस्त असलं तरी विषय अगदी गोठ्यातला. शेण, मूत, काडीकचरा, राख आणि माती एवढ्या मालातून तीन महिन्यांत उत्तम खत कसं करावं, हे त्यात सांगितलं आहे. पुस्तकावर लेखकांची नावं दोन. एक अल्बर्ट हॉवर्ड आणि दुसरं यशवंत वाड.

पहिल्या नावाच्या मागे १९३४ साली 'सर' लागलं. आज जगात कुठेही सेंद्रिय शेतीचा इतिहास उघडा, पहिल्या दोन-चार पानांत हॉवर्डसाहेब भेटतातच. दुसरं नाव मात्र पुढच्या पिढ्यांनी गाळून टाकलं. 'हॉवर्डची इंदूर पद्धत' असं सगळे म्हणतात, 'हॉवर्ड आणि वाड यांची' असं म्हणणारा विरळा. आता वाड हे आडनाव आणि यशवंत हे नाव. इंदूर संस्थानातल्या त्या प्रयोगशाळेत बसून खताचं रसायन मोजणारा हा माणूस आपल्यातला होता हे सांगायला कुणी इतिहासकार लागू नये!

हल्ली आपल्याकडे ज्याला त्याला घरची 'ऑरगॅनिक' भाजी हवी असते. फ्लॅटच्या बाल्कनीपासून गावच्या भाटापर्यंत सगळीकडे हा उत्साह आहे आणि तो चांगलाच आहे. पण सुरुवात होते ती बाजारातून खताची पिशवी आणण्यापासून. माती ही विकत आणायची वस्तू नसून घरी घडवायची वस्तू आहे, हे ज्या इंदूरने जगाला शिकवलं ती गोष्ट आपल्यालाच ठाऊक नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

मला तिचा धागा मिळाला तो ग्वाल्हेरला. माझी एक मावशी लग्न होऊन तिथल्या लष्करात गेली. लष्कर म्हणजे पलटण नव्हे मंडळी, ती पेठ आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तंबूंची घरं झाली, घरांचे वाडे झाले, नाव मात्र लष्करच राहिलं. गोमंतकीयांना हा भाग तसा परका नाही. महादजींच्या दरबारातले जिवबादादा बक्षी मूळचे आपल्याकडचे केरकर. असो, हा विषय वेगळ्या लेखाचा आहे. तर मावशीच्या मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली एक उथळ खड्डा आहे. घरातला सगळा ओला-सुका कचरा त्यात थरांनी पडतो. तिथल्या मराठीत हिंदीची फोडणी असतेच, त्यामुळे मावशी त्याला 'इंदौरवाला गड्ढा' म्हणते. का म्हणते, ते मात्र तिला सांगता येईना. सासूबाई म्हणायच्या म्हणून ती म्हणते.

आता त्या खड्ड्याचा इतिहास.

अल्बर्ट हॉवर्ड १८७३ साली इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. केंब्रिजला शिकला, वेस्ट इंडीजमध्ये उसाच्या रोगांवर काम केलं आणि १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. बायको गॅब्रिएल ही स्वतः केंब्रिजमध्ये संशोधन केलेली वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या 'पुसा' जाती काढल्या, त्या उत्तर हिंदुस्थानात खूप पसरल्या. पण पुसात हॉवर्डला एक गोष्ट खटकत राहिली. कीटकांचा तज्ज्ञ एका खोलीत, बुरशीचा दुसऱ्या, रसायनाचा तिसऱ्या. पीक मात्र शेतात एकटंच उभं! प्रत्येक खात्याची फाईल वेगळी आणि सगळ्या फायली एकत्र बघणारा कुणी नाही. (सरकारी कचेरीत हयात घालवणाऱ्या माझ्यासारख्याला ही तक्रार फारच जवळची वाटते.)

म्हणून त्याने स्वतःसाठी जमिनीचा एक तुकडा मागून घेतला आणि आजूबाजूचे शेतकरी जसं करतात तसं करून पाहायला लागला. आपले खरे गुरू दोनच, इथले शेतकरी आणि पिकावरची कीड, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. साहेबाने हे १९१० च्या सुमारास समजून घ्यावं ही लहान गोष्ट नव्हे. कीड आली की औषध फवारा असं न म्हणता, कीड आली म्हणजे जमिनीचं काहीतरी बिनसलं आहे, असं तो म्हणू लागला.

पुढे त्याला अशी संस्था काढायची होती जिथे पीक, जमीन, बैल आणि खत यांचा एकत्र विचार होईल. ती संधी इंदूरने दिली. १९२४ साली, तुकोजीराव होळकर (तिसरे) गादीवर असताना, होळकर दरबारने ३०० एकर जमीन दिली. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने पैसा दिला, मध्य हिंदुस्थानातल्या काही संस्थानांनी हातभार लावला आणि 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली. काम मुख्यतः कापसाचं. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस का वाढत नाही, हा प्रश्न. इतर ठिकाणी याचं उत्तर 'नवीन बियाणं' असं दिलं जाई. हॉवर्डचं उत्तर होतं, आधी जमिनीला हवा द्या आणि ह्यूमस द्या. ह्यूमस म्हणजे पालापाचोळा पुरता कुजल्यावर उरणारा तो काळसर, भुसभुशीत अंश. आपल्या कुळागरात पोफळीच्या मुळाशी हात घातला की जो हाताला लागतो, तोच.

पण ह्यूमस आणायचा कुठून? माळव्यातलं अर्धं शेण गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. उरलेलं शेण पुरणार कसं? इथे कामाला आला चीनचा अनुभव. फ्रँकलिन किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाचं चीन, जपान, कोरिया इथल्या शेतीवरचं पुस्तक १९११ मध्ये आलं होतं. तिथले शेतकरी शेतातला, घरातला एकही कण वाया न घालवता शतकानुशतकं तीच जमीन पिकवतात, हे त्याने दाखवलं होतं. हॉवर्ड आणि वाड यांनी ती कल्पना घेतली आणि माळव्याच्या गोठ्याला बेतून दिली. शेण हे खत म्हणून न वापरता विरजण म्हणून वापरायचं, ही त्यातली खरी युक्ती. दूध भांडंभर असलं तरी विरजण चमचाभर पुरतं. तसं थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा लागतो.

इंदूरला हे काम कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. शेतात कचरा म्हणजे काय, तर पऱ्हाट्या आणि तुराट्या. दोन्ही लाकडासारख्या कडक. त्या कुटायला यंत्र नव्हतं. मग त्या सरळ संस्थेच्या रस्त्यावर पसरून टाकायच्या. बैलगाड्या येता-जाता त्यांचा चुरा करायच्या, तोही फुकटात. हा चुरा मग गोठ्यात गुरांच्या खाली आंथरायचा. रात्रभर तो मूत शोषून घेई. गोठ्याची जमीन फरशीची केली नव्हती, मातीचीच ठेवली होती. तीन-चार महिन्यांनी ती मुतात भिजलेली माती खणून काढायची आणि तिथे नवी माती भरायची. खणलेली माती जपून ठेवायची, कारण तिच्यात नत्र भरपूर. आपण ज्याला घाण म्हणून धुवून टाकतो त्याचा त्यांनी साठा केला.

खड्डे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि खोली फक्त दोन ते तीन फूट. खोल खड्डा करायचा नाही, यावर फार कटाक्ष. खोल गेलं की तळाला हवा पोचत नाही, आणि हवा नसली की कुजण्याऐवजी सडतं. कुजणं आणि सडणं यांत फरक आहे आणि तो नाकाला कळतो. नीट कुजणाऱ्या ढिगाला घाण वास येत नाही, माशाही घोंगावत नाहीत. खड्ड्यात साधारण सहा इंच काडीकचरा, त्यावर दोन इंच शेण आणि आंथरण, त्यावर मुताची माती व लाकडाची राख भुरभुरायची, पाणी शिंपडायचं, परत पहिल्यापासून. वर चढून तुडवायचं नाही. पहारीने भोकं पाडून ठेवायची म्हणजे आत वारा खेळतो. दोन-तीन आठवड्यांनी पहिली पलटी, मग पुन्हा एकदा-दोनदा, दर वेळी बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. ९० दिवसांनी खत तयार.

या सगळ्याच्या मागे वाड यांचं रसायन होतं. संस्थेत ते रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक होते. कचऱ्यात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण सुरुवातीला सुमारे ३३ ला १ असावं, खत तयार होईपर्यंत ते १० ला १ च्या आसपास येतं. ढीग रचल्यावर आतली उष्णता ६५ अंशांपर्यंत चढते, मग हळूहळू उतरते. ती चढलीच नाही तर समजावं की काहीतरी चुकलं आहे, पाणी जास्त झालं किंवा शेण कमी पडलं. आपल्या आजीला हे अंदाजाने कळत असेल. पण अंदाज दुसऱ्या मुलखात नेता येत नाही, आकडा नेता येतो. आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांत आणि आसाम-सिलोनच्या चहाच्या मळ्यांत ही पद्धत गेली ती या मोजमापांच्या जोरावर.

गॅब्रिएल हॉवर्ड १९३० साली वारली. हॉवर्ड १९३१ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. १९४० मध्ये त्याचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' आलं, ते त्याने गॅब्रिएलला अर्पण केलं आहे. 'ऑरगॅनिक' शेती हा शब्दही १९४० च्याच एका पुस्तकातला, लॉर्ड नॉर्थबोर्न नावाच्या इंग्रज जमीनदाराचा. दोन वर्षांनी अमेरिकेत रोडेलने या विषयाचं मासिक सुरू केलं, १९४६ मध्ये इंग्लंडात सॉइल असोसिएशन निघाली. बाजारातल्या पिशवीवरचा शब्द आपल्याकडे आला तो हा एवढा वळसा घालून.

साहेब गेला तरी इंदूरचं काम थांबलं नाही, आणि माझ्या मते वाड यांचं मोठेपण इथे दिसतं. १९३४ साली जॅक्सन आणि वाड या दोघांनी संस्थेतर्फे एक पुस्तिका काढली. विषय, वस्तीतल्या कचऱ्याची आणि मैल्याची इंदूर पद्धतीने विल्हेवाट. म्हणजे शेतातली पद्धत शहराच्या उकिरड्यावर नेली. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदूरला आले तेव्हा ते मुद्दाम ही संस्था बघायला गेले आणि 'हरिजन'मध्ये त्यांनी या खताबद्दल लिहिलं. आज इंदूर देशातलं स्वच्छ शहर म्हणून बक्षिसं मिळवतं आणि आपल्या नगरपालिकांचे लोक तिथे अभ्यास दौऱ्यावर जातात. ओला कचरा वेगळा करून त्याचं खत करावं, हे त्याच गावात नव्वद वर्षांपूर्वी छापून झालं होतं.

हॉवर्डचं सगळंच डोक्यावर घ्यावं असं मला वाटत नाही. पुसाला आपल्या बैलांनी शेजारच्या लाळ्या-खुरकूत झालेल्या गुरांना नाक लावलं तरी ते आजारी पडले नाहीत, असं तो सांगतो आणि त्यावरून जमीन निरोगी तर पीक, गुरं, माणसं सगळी निरोगी असा मोठा पूल बांधतो. पूल सुंदर आहे, पण खांब थोडे आहेत. शिवाय ही पद्धत कष्टाची. ३० फुटी खड्डा दोन-तीनदा पलटायला माणसं लागतात. संस्थेकडे मजूर होते, गरीब शेतकऱ्याकडे तो एकटाच. पद्धत जगभर फिरली आणि माळव्यातल्या साध्या शेतकऱ्याकडे फारशी रुजली नाही, त्याचं हे एक कारण. यावर तोड काढली ती पुन्हा एका मराठी माणसाने. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे 'नाडेप काका'. त्यांनी जमिनीवर १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशी विटांची टाकी बांधली आणि भिंतींना जाळीसारखी भोकं ठेवली. हवा आपोआप आत जाते, पलटायची गरज नाही. शेण १०० किलोच्या आसपास लागतं आणि तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत निघतं. (त्यात घातलेली माती धरून, हे सांगणारे सहसा सांगत नाहीत.) पुसा ते पुसद, नावांचीही गंमत बघा.

इंदूरच्या त्या जागेवर १९५९ पासून कृषी महाविद्यालय आहे. २००८ साली ग्वाल्हेरला राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय स्थापन झालं आणि इंदूरचं कॉलेज त्याच्याकडे आलं. होळकरांनी दिलेली जमीन शिंद्यांच्या नावाच्या विद्यापीठाखाली! दोन्ही घराण्यांच्या पूर्वजांना हसू आलं असतं. २०२२ मध्ये त्या कॉलेजची जमीन दुसऱ्या कामासाठी घेण्याचा घाट घातला गेला तेव्हा विद्यार्थी आंदोलनाला बसले होते. शहर वाढलं की मातीचं मोल चौरस फुटात होतं, हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

मावशीच्या अंगणात मी त्या खड्ड्याची मापं विचारत होतो तेव्हा तिने उलट विचारलं, "तुमच्याकडे बारिश किती होते रे?" सांगितलं. म्हणाली, "मग तू खड्डा नको करूस बाबा, डबकं होईल."

मावशीने हॉवर्ड वाचलेला नाही, पण त्या पुस्तकातही हेच आहे. कोरड्या हवेत खड्डा, कारण ओल टिकते. पावसाळ्यात जमिनीवर ढीग, सुमारे आठ फूट लांबरुंद आणि दोन फूट उंच. ग्वाल्हेरला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पाऊस आपल्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. थोडं उत्तरेला भिंड-मुरैन्याकडे गेलं की चंबळच्या घळी दिसतात, उघडी पडलेली माती पाण्याने कशी कापून नेली ते तिथे बघावं. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस, आणि खाली जांभ्याची तांबडी माती. पावसाने तिच्यातला चुना धुवून नेलेला, त्यामुळे ती आंबट. तिला ह्यूमस लागतो तो माळव्यापेक्षा जास्त, आणि तो टिकतो कमी, कारण उष्ण दमट हवेत सगळं भराभर कुजून जातं. म्हणून गोव्यात एकदा खत घालून भागत नाही, दरवर्षी घालावं लागतं. आपल्या वाडवडिलांनी माडाच्या आळ्यात दर पावसाळ्यात पाला, राख, मासळी घातली ती उगीच नव्हे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने गोव्यात इंदूर पद्धत अशी वापरावी असं मला वाटतं. जागा उंचवट्याची, झाडाच्या सावलीची, वर पत्रा किंवा चुडतांची झावळ. खाली काटक्यांचा थर म्हणजे पाणी साचत नाही. मग पाचोळा तीन घमेली तर ओला कचरा किंवा शेण एक घमेलं, असे थर. शेण मिळत नसेल तर जुन्या ढिगातलं अर्धवट कुजलेलं खत मूठभर घालावं, विरजणाचं काम तेही करतं. इंदूरलाही नव्या खड्ड्यात जुन्या खड्ड्यातला माल घालतच. आजही न्हाणीची चूल पेटत असेल तर तिची राख थोडी. शिंपल्यांचा चुना मातीला चांगला, पण तो ताज्या शेणात मिसळू नये, नत्र वायू होऊन उडून जातं. ओल किती, तर मूठभर माल पिळला तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. गळलं तर पाचोळा घाला, मुठीत चुरचुरलं तर पाणी शिंपडा. चार दिवसांनी लोखंडी सळी ढिगात खुपसून ठेवावी आणि थोड्या वेळाने बाहेर काढून हात लावून बघावा. चटका बसला की काम सुरू झालं.

राहिली चुडतां आणि सोडणं. लवकर कुजत नाहीत म्हणून आपण ती जाळतो आणि त्या धुराने शेजारी खोकतात. पऱ्हाट्यांचं काय केलं ते आठवा. चुडतां कोयत्याने तुकडे करून फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेवर पसरून टाकावीत. महिनाभर स्कूटर, गाडी आणि पोराटोरांचे पाय त्यांच्यावरून गेले की ती मऊ होतात, मग ढिगात जातात. सोडणं मात्र ढिगात घालू नयेत, ती आळ्यात उताणी, पोकळ बाजू वर करून पुरावीत, उन्हाळ्यात पाणी धरून ठेवतात.

मे महिन्यात रचलेला ढीग झाकून ठेवला, मधे दोनदा पलटला, तर चतुर्थीच्या आसपास तयार होतो. तोपर्यंत परसातली माती उघडी ठेवू नये, पाचोळा आंथरून ठेवावा, नाहीतर वरचा चांगला थर पहिल्या दोन सरींतच गटारात जातो. पाऊस ओसरला, ऑक्टोबरात तांबड्या भाजीचे वाफे करायला घेतले, की हे खत वरच्या चार बोटं मातीत हाताने मिसळावं. ओल्या मातीत कुदळ घालू नये, ढेकळं विटांसारखी वाळतात. मातीत दोन दिवस वाफसा येऊ द्यावा, मग बी फोकावं.